यंदा हिवाळा लागलाच नाही

राजाजीनगरच्या त्या पार्कात हिवाळा कधी लागतो, हे हवामान खात्याला विचारून काही उपयोग नाही. ते उल्काअक्कांना विचारायचं. तशी रीतच पडून गेली आहे. थंडी कितीही पडो, लोक कानटोप्या चढवून फिरायला येवोत, कोपऱ्याकोपऱ्यावर अवरेकाईच्या शेंगांचे ढीग लागोत. जोवर अक्का करंजाखाली थबकून "आला बघा" म्हणत नाहीत, तोवर रविवारच्या पक्षीवाल्या मंडळींनी हिवाळा लागला असं धरायचं नाही.

'आला' म्हणजे पर्णवटवट्या. अंगठ्याएवढा जीव, मळका हिरवा रंग, पानांत शिरला की सापडायचा नाही. आता यात बघण्यासारखं काय, असं म्हणाल तर म्हणा. मोर नव्हे की गरुड नव्हे. पण हे एवढंसं पाखरू पार उत्तरेकडून, डोंगर ओलांडून येतं आणि बंगळुरूच्या झाडांत हिवाळाभर मुक्काम ठोकतं. दिसत फारसं नाही. दिवसभर आपलं बारीक, टोकदार आवाजात 'चिवीं, चिवीं' करत असतं, आणि ती चिवीं पहिल्यांदा ऐकायचा मान अक्कांचा. त्यांनी ऐकली की मंडळी कोपऱ्यावरच्या दर्शिनीत, म्हणजे उभ्यानं खायच्या हॉटेलात, जाऊन अक्कांच्या खर्चानं खाराभात, म्हणजे तिकडचा उपमा, आणि कॉफी घेत, आणि हिवाळा सुरू होई. यंदा डिसेंबर निम्मा सरला तरी अक्का करंजाखालून मुकाट्यानं पुढे जात होत्या.

अक्कांचं माहेर चामराजपेटेतलं. शिंप्याचं घर, आणि बंगळुरात येऊन इतक्या पिढ्या झालेल्या की मूळ गाव कुठलं यावर भावाभावांत अजून वाद आहे. घरात मराठीच बोलायचे, पण त्या मराठीत कन्नड असं मुरलेलं की वेगळं काढता येऊ नये. सून मुग्धा पुण्याची. लग्न होऊन आली तेव्हा पहिले काही दिवस तिला वाटायचं, सासूबाई आपल्यावर सारख्या चिडलेल्या आहेत. "स्वल्प सरक", "सरी, झालं, ऊठ" असं तोडून बोलायच्या. 'स्वल्प' म्हणजे जरा आणि 'सरी' म्हणजे ठीक, हेही तिला नंतर कळलं. चिडलेल्या वगैरे काही नसायच्या. बोलणंच तसं. मुग्धाला ताप आला तर रात्री उशाशी बसून राहणार आणि सकाळी वर तिलाच झापणार, की एसीत बसायला कुणी सांगितलं होतं.

नोकरी त्यांनी आयुष्यभर एकच केली, टेलिफोन एक्स्चेंजमध्ये. ट्रंक कॉल जोडून देणाऱ्या बायका असायच्या, त्यांतल्या एक. कानाला हेडफोन, समोर बोर्ड, आणि तारेतून येणाऱ्या खरखरीतून गुलबर्ग्याचा माणूस काय म्हणतोय ते ओळखायचं. नुसत्या 'हॅलो'वरून पलीकडचा माणूस जेवलाय की उपाशी आहे हे आपल्याला कळायचं, असं अक्का सांगतात. थोडा मीठमसाला धरून चला. पण आवाज त्यांना कळायचा यात शंका नाही. गेटाशी स्कूटर थांबली की कुणाची ते स्वयंपाकघरातून सांगत, आणि मुकुल, त्यांचा मुलगा, कॉलेजात असताना खोटं बोलायला कधी धजला नाही तो याच भीतीनं.

पक्ष्यांचं वेडही नोकरीतूनच लागलं. रात्रपाळी करून सकाळी बसनं उतरायच्या आणि पार्कातून घरी यायच्या. रात्रभर माणसांचं ऐकून कान किटलेले असायचे. झाडाखाली आलं की कसं गार वाटायचं, अक्का सांगतात, पाखरं किती बोलतात आणि एकही नंबर मागत नाही. मग नाद लागला. हा कोण ओरडतोय, तो कोण, असं कुणाकुणाला विचारत त्यांनी नावं गोळा केली, काही कन्नड, काही मराठी. दुर्बीण कधी घेतली नाही. चष्मा आधीच जाड, आणि दुर्बिणीला डोळे लावले की माणूस ऐकायचं विसरतो, हे त्यांचं ठाम मत. त्या आपल्या मान किंचित कलती करून चालायच्या आणि सांगायच्या: तांबट. शिंजीर. बुलबुल, आणि रागावलाय, खाली मांजर असेल बघा. मांजर असायचं.

हळूहळू रविवारी त्यांच्या मागे माणसं जमू लागली. यशोवर्धनकाका आले, बँकेतून निवृत्त झालेले, सभ्य, सगळ्यांचं सगळं सांभाळून घेणारे. नागपूरचा आशय आला, आयटीतला, गळ्यात भलामोठा कॅमेरा अडकवून. आणखी चार जण आले. अक्कांनी नाव घेतल्याशिवाय कुणी पक्ष्याचं नाव घ्यायचं नाही, असा अलिखित नियम झाला. मुग्धा पहिल्या वर्षी सासूबाईंना बरं वाटावं म्हणून गेली, दुसऱ्या वर्षी खाराभातासाठी, आणि मग सवयीनं. आठवडाभर बेळ्ळंदूरचं ऑफिस आणि रिंग रोडवरचं ट्रॅफिक यांत तिचा जीव मेटाकुटीला येई. रविवारी सकाळी मात्र न बोलता सासूच्या मागून चालायचं, एवढंच काम. पक्ष्यांतलं तिला फार कळत नव्हतं. सासूबाई खुशीत असल्या की त्यांच्या चालीत जो एक छोटा ठुमका येतो, तो बघायला तिला आवडायचं. यंदा तो ठुमका गेला होता.

झालं होतं असं. पावसाळा संपता संपता पार्कात सुरवंटांचा सुळसुळाट झाला. केसाळ, खाजरे सुरवंट, बाकांवर, रेलिंगवर, पोरांच्या मानेवर. लोकांनी आरडाओरडा केला आणि त्यांनी सांगितलं म्हणून माळी मल्लाप्पानं करंजांवर औषध फवारलं. अक्का तेव्हा हुबळीला बहिणीकडे होत्या. परत आल्या, हकीकत ऐकली आणि कपाळाला हात लावला. पुढचे सगळे रविवार त्या करंजाखाली उभ्या राहत, मान कलती करत आणि पुढे जात. अखेर त्यांनी निदान करून टाकलं: औषधानं किडे मेले, किडे मेले म्हणून पाखरांना खायला नाही, खायला नाही म्हणून पर्णवटवटे आलेच नाहीत. हिशेब असा सरळ की त्यात खोट काढता येईना. इतकी वर्षं नेमानं आलेला पक्षी एका माणसानं पंप मारून घालवला, याचं त्यांना खरंच दुःख झालं होतं. जेवताना मध्येच म्हणायच्या, कुठे गेले असतील गं, वाटेत मेले तर नसतील? आणि मग दुःखाचा राग झाला. त्यांनी बागेच्या ठेकेदाराला, मंजुनाथला, फोन केला. तो एका पायावर तयार. माणसांशी वाकडं नको म्हणून म्हणाला, अक्का, तुम्ही सांगाल तर माळी बदलतो, रविवारी येतो, तुम्ही मंडळींसमोर काय ते सांगा.

मंडळींना विचारलं तर सगळ्यांनी माना डोलावल्या. हो अक्का, यंदा नाही आले खरे.

मुग्धानंही मान डोलावली होती. आणि गंमत अशी की ती चिवीं तिला रोज ऐकू येत होती. ऑफिसच्या कॉलवर असताना, बाल्कनीत कपडे वाळत घालताना, पार्कात तर सतत. पण सासूबाई म्हणतात आले नाहीत, तेव्हा हे दुसरंच काहीतरी असणार, खार असेल, शिंपी पक्षी असेल, असं धरून ती चालली होती. स्वतःच्या कानांपेक्षा अक्कांच्या कानांवर विश्वास ठेवायची सगळ्यांनाच सवय.

तिच्या डोक्यात उजेड पडला तो तापामुळे. आदल्या आठवड्यात तिला कणकण होती. अक्का थर्मामीटर घेऊन बसल्या, तिच्या काखेत लावला आणि वाट बघत राहिल्या. थर्मामीटर वाजला. अक्का बसूनच. पुन्हा वाजला. अक्का म्हणाल्या, हा मेला बिघडलाय, हल्ली वाजतच नाही, नवा आणायला हवा. पांघरुणात पडल्या पडल्या मुग्धाला एकेक गोष्ट आठवत गेली. हल्लीची माणसं पुटपुटतात म्हणून सासूबाईंची कुरकुर. मायक्रोवेव्हमध्ये तसंच राहून गेलेलं दूध. तांबटाचा घुमणारा ठोका त्यांना ऐकू येतो, भारद्वाजाचा ऐकू येतो, फोनवर बोलणंही चालतं, पण जे जे बारीक आणि टोकदार, ते ते त्यांच्यासाठी थांबलंय. पण कान गेले असं सासूबाईंना कोण सांगणार?

तिनं आशयला फोन केला आणि आडूनआडून विचारलं. त्यानं कबूल केलं की पर्णवटवटे ऑक्टोबरपासूनच आलेत, त्याच्याकडे फोटोसुद्धा आहेत, मंडळीत सगळ्यांना माहीत आहे. पहिल्या रविवारी अक्का काही बोलल्या नाहीत तेव्हा नियमाप्रमाणे कुणी बोललं नाही. दुसऱ्या रविवारी सगळ्यांना अंदाज आला. मग यशोवर्धनकाकांनी सगळ्यांना बाजूला घेतलं आणि सांगितलं की या बाईनं उभं आयुष्य कानांवर काढलंय, आपण त्यांना दुखवायचं नाही. सगळ्यांना पटलं. किती चांगली माणसं बघा. अक्कांना जपण्याच्या नादात त्यांनी हिवाळाच दाबून टाकला.

मुग्धानं मुकुलला सांगितलं. तो लॅपटॉपवरून मान वर न करता म्हणाला की आईला तूच सांग, तुझं ती ऐकते. तिनं विचारलं, आणि तुझं? तर म्हणे, मी तिचा मुलगा आहे, मला ती मारेल. चाळिशीकडे झुकलेला माणूस. मुग्धानं त्याचा नाद सोडला आणि स्वतःही टाळत राहिली, कारण सांगणं तिच्याही जिवावर आलं होतं. सासूबाईंचं पार्क म्हणजे काय हे तिला ठाऊक होतं. तिथून त्या परत आल्या की आठवडाभराचं बळ घेऊन येत. तेच काढून घ्यायचं, आणि तेही आपण?

शनिवारी संध्याकाळी दूध आणून परतताना ती पार्कातून आली. पंपाच्या खोलीबाहेर मल्लाप्पा नळी गुंडाळत होता. हा मल्लाप्पा अथणीकडचा, मराठी चांगलं बोलायचा. पंपाच्या खोलीला लागून जी एक खोली आहे तीत बायको आणि मुलीसह राहायचा. खोली कामाबरोबर मिळालेली, काम गेलं की तीही जाणार. मुग्धानं उगाच विचारलं, काय मल्लाप्पा, बरंय ना? तो म्हणाला, मंजुनाथसाहेबांनी सांगितलंय, उद्यानंतर शहराच्या पलीकडच्या टोकाला जायचं, आणि तिथे खोली नाही. पोरगी मागच्या गल्लीतल्या शाळेत रमली होती, तिचं आता बघावं लागेल. बायको आधीच भांडी बांधायला लागली आहे.

मुग्धा म्हणाली, तू काही बोलत का नाहीस? औषध तर लोकांनीच मारायला लावलं.

"लावलं ते खरं वहिनी," तो म्हणाला, "पण मारलं मीच ना. अक्का म्हणतात पाखरं माझ्यामुळं गेली, म्हणजे गेली असतील. अक्कांना त्यातलं कळतं."

तो हे बोलत होता आणि त्याच्या डोक्यावर, हात उंचावला असता तर लागली असती अशा फांदीत, पर्णवटवट्या 'चिवीं, चिवीं' करत होता. एक इकडे, एक पलीकडच्या झाडावर. मल्लाप्पाला ते ऐकू येत होतं, पण ते कोण हे त्याला माहीत नव्हतं, आणि माहीत असलेल्या सगळ्यांनी तोंडाला कुलूप लावलं होतं. मुग्धाला स्वतःची इतकी लाज वाटली की ती दुधाची पिशवी घेऊन तशीच घरी निघून गेली.

रविवारी तिनं सासूबाईंना नेहमीपेक्षा लवकर बाहेर काढलं. अक्का कुरकुरल्या, पण आल्या. अंगात स्वेटर, डोक्याला कानटोपी, आणि मनात मंजुनाथला काय काय सुनवायचं त्याची तयारी. धुकं अजून जमिनीला धरून होतं. मंडळी यायची होती. करंजाखालच्या बाकावर मुग्धानं त्यांना बसवलं, स्वतः शेजारी बसली, आणि कुठून सुरुवात करावी हे रात्रभर घोकलेलं सगळं विसरली.

"आई, पक्षी आलेत," ती म्हणाली. "पर्णवटवटे. कधीचेच आलेत. आत्ता डोक्यावर ओरडतोय. तुम्हाला तो ऐकू येत नाहीये."

अक्कांनी तिच्याकडे असं पाहिलं की मुकुल असता तर पळाला असता. तुला गं काय कळतं पक्ष्यांतलं, त्या म्हणाल्या. मुग्धा म्हणाली, काही कळत नाही, ऐकू मात्र येतंय. अक्का म्हणाल्या, कुठाय, दाखव. मुग्धानं वर पाहिलं. दाट पानं आणि धुकं. दाखवण्यासारखं काहीच नव्हतं. मग तिला जे सुचलं ते ती बोलून गेली: तो ओरडला की मी बोट वर करते, तुम्ही बघा.

तिनं हात मांडीवर ठेवला. बोट वर केलं. खाली घेतलं. पुन्हा वर. अक्कांनी कानटोपी काढली, पांढरे केस कानामागे सारले आणि मान कलती केली. बोट वर. अक्कांनी मान दुसऱ्या बाजूला कलती केली. बोट वर. दूर कुठेतरी तांबटानं ठोका धरला आणि अक्का झटक्यानं म्हणाल्या, हा बघ, हा येतो मला ऐकू. मुग्धा म्हणाली, तो मलाही येतो. आणि बोलता बोलता तिचं बोट पुन्हा वर झालं, कारण तांबटाच्या दोन ठोक्यांच्या मध्ये तो दुसरा ओरडला होता.

अक्का झाडाकडे बघेनाशा झाल्या, नुसत्या सुनेच्या बोटाकडे बघत राहिल्या. त्यांचा राग कधी उतरला ते मुग्धाला कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा अगदी म्हातारा झाला होता. आपण हे काय करून बसलो, असं वाटून ती हात मागे घेऊ लागली. तशी अक्कांनी तो मनगटाशी धरून तिथेच ठेवला.

"बोर्डावर दिवा लागायचा, तसंच आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "फोन आलाय एवढं कळतं. पलीकडचं बोलणं येत नाही."

मुग्धाच्या डोळ्यांत पाणी आलं. तिचं बोट चालूच होतं, कारण उजेड वाढला तशी पाखरं चेकाळली होती, एकाला दुसरं उत्तर देत होतं, पलीकडच्या झाडावरून तिसरं. अक्कांनी विचारलं की तू उगाच तर हलवत नाहीस ना. मुग्धानं नाही म्हणून मान हलवली. अक्का म्हणाल्या, म्हणजे इतके आलेत? मुग्धा म्हणाली, इतके आलेत. आणि मग जे झालं त्याची तिनं कल्पनाच केली नव्हती. अक्का रडल्या, हे खरं, पण रडता रडता त्यांना हसू आलं.

"मग बरंय गं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, वाटेतच मेले सगळे."

गेटाशी मंजुनाथची गाडी थांबली. मागोमाग यशोवर्धनकाका, आशय आणि बाकीचे आले. मल्लाप्पा पंपाच्या खोलीपाशी उभा राहिला, अंगात धुतलेला शर्ट, जसा कुणी निरोप घ्यायला घालतो. मुग्धाला वाटलं होतं, सासूबाई काहीतरी सारवासारव करतील, म्हणतील की आता काही पक्षी आलेत, जाऊ द्या. त्यांना तेवढी सवलत ती मनानं देऊन बसली होती. पण अक्का उठल्या, पदर सारखा केला आणि मंजुनाथला कन्नडमध्ये, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की पक्षी आले आहेत, गेलेत ते माझे कान, मल्लाप्पाचा यात काडीचा दोष नाही आणि त्याला इथून हलवलंत तर माझ्याशी गाठ आहे. मंजुनाथ जसा बदली करायला तयार होता तसाच न करायलाही तयार झाला. त्याला काय, अक्कांनी फोन करायचं थांबवलं म्हणजे मिळवली.

मग अक्का मंडळींकडे वळल्या. मराठीत. मंडळी खाली बघू लागली. आशयनं कॅमेऱ्याचं झाकण काढलं, लावलं, काढलं. काकांनी घसा खाकरला आणि हळूच म्हणाले की तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून आम्ही.

"वाईट माझं मला वाटू द्या," अक्का म्हणाल्या. "त्यापायी त्याची चूल विझवायला निघाला होता तुम्ही? आणि मी?"

त्या पुढे झाल्या आणि मल्लाप्पासमोर हात जोडले. तो बिचारा गोंधळून मागे सरला, अक्का, असं नको, असं नको म्हणत राहिला. बायको दारातून बघत होती. मुलीनं तेवढ्यात बांधलेल्या भांड्यांतून आपला पेला ओढून काढला होता आणि ती नळाखाली धरून पाणी पीत होती. अक्का तिला म्हणाल्या, शाळेत नीट जा, आणि नाक पूस. मग त्यांनी मुग्धाला सांगितलं की सोमवारी कानांच्या डॉक्टरकडे जायचं, मुकुलनं रजा टाकावी, नाहीतर मी बघते त्याच्याकडे.

सगळ्यांना वाटलं, आता त्या घरी जातील. काकांनी तर रिक्षा बोलावू का म्हणून विचारलंही. अक्का म्हणाल्या, फेरी कोण पुरी करणार? आणि निघाल्या. नेहमीसारख्या सगळ्यांच्या पुढे, पण आज मुग्धाला त्यांनी हाताला धरून स्वतःच्या बरोबरीनं घेतलं. बोट चालू ठेव, एवढंच म्हणाल्या.

मुग्धा बोट तयार ठेवून चालू लागली. पर्णवटवट्या ओरडला की बोट वर. फुलटोच्याची टिकटिक तिला ओळखू यायची नाही, पण बारीक काहीही वाजलं की बोट वर. अक्का तिच्याकडे बघत, मग झाडाकडे, मग ओठांतल्या ओठांत नाव घेत. एकदा अंदाज चुकला तेव्हा आशयनं मागून हळूच दुरुस्त केलं, नियम मोडून, आणि अक्कांनी त्याला ओरडण्याऐवजी मान डोलावली. मुग्धाचा हात दुखायला लागला. तिनं खाली घेतला नाही.

तळ्याच्या कडेला एक जुनं पर्जन्यवृक्षाचं झाड आहे, अक्कांचं लाडकं. त्यांच्या वेळी म्हणे तिथे पाखरांची शाळा भरायची. अक्का त्याच्याखाली थांबल्या, डोळे मिटून मोठा श्वास घेतला, आणि मग डोळे उघडून सुनेच्या बोटाकडे पाहिलं. इतक्या आशेनं पाहिलं की मुग्धाला ते सोसवेना. झाड गप्प होतं. एक पान हलत नव्हतं. मुग्धानं कान देऊन ऐकलं, आणखी ऐकलं. काही नाही. आणि तिच्या मनात आलं, एकदा करूया वर. कुणाला कळणार आहे? एवढं सगळं झाल्यावर या बाईला तिच्या लाडक्या झाडाखाली एक पाखरू दिलं तर कुणाचं काय बिघडेल? मागची मंडळीही श्वास रोखून उभी होती, आणि त्यांच्याही मनात नेमकं तेच असणार.

मुग्धानं बोट खालीच ठेवलं.

अक्का वाट बघत राहिल्या. बोटाकडे बघितलं, तिच्या तोंडाकडे बघितलं, पुन्हा बोटाकडे. मग त्यांचे खांदे सैल झाले आणि त्यांनी सुनेच्या हातावर हात ठेवून थोपटलं.

"सरी," त्या म्हणाल्या. "आता तुझ्या बोटावर भरवसा ठेवता येईल मला."

आणि पुढच्या झाडाकडे चालू लागल्या.